बेडकाची पाठ मिटताना

नाशिक, रविवार

ती. अक्का,

चिंतूचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढी टेकली आहेत, उरलेली मनाने टेकली असं धर.) तुझी कंबर कशी आहे? मनमाडला पाणी हल्ली कितव्या दिवशी येतं? आम्ही इकडे सगळे उत्तम आहोत, काळजीचं काहीही नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझं पत्र आलं की तू चष्मा शोधायच्या आधी रडायला लागतेस.

फोन का केला नाही म्हणशील. केला असता. पण तू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटायला बसतेस आणि मग माझ्या मूळव्याधीची चौकशी तुझ्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर मला जिन्यात थांबवून करतात. या वेळचं सांगणं नाजूक आहे आणि लांबलचकही आहे. शिवाय त्यात बेडूक आहेत, आणि बेडूक शब्द काढला की तुझा फोन कट होतो. (मागच्या वेळी 'रेंज गेली' म्हणालीस, पण त्यानंतर तुझ्या कुकरची शिट्टी मला स्वच्छ ऐकू आली.) पत्राला रेंज लागत नाही, म्हणून पत्र.

तर बेडूक. आपली मृण्मयी ज्यांच्यावर काम करते ते आपल्या गोदावरीच्या काठचे नव्हेत, आफ्रिकेतल्या जातीचे. प्रयोगशाळेतच जन्मतात, जन्मभर पाण्यात राहतात, आणि त्यांच्या तोंडावर कायम कुणीतरी चहा न विचारल्यासारखा भाव असतो. तिचं संशोधन काय आहे हे तिने मला जेवणाच्या टेबलावर कणकेचा गोळा घेऊन समजावलं. (यशोधन बोटीवर असला की घरात आम्ही दोघंच. सासरा-सुनेने भाजीतल्या मिठाखेरीज काय बोलावं हा प्रश्न तिने बेडकांवर सोपवून सोडवला. एरवी मी मिठाबद्दल बोलून बोलून तिला माहेरी घालवलं असतं.) बेडकाचं अंडं फळलं की राजगिऱ्याच्या दाण्याएवढा गोळा होतो. त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी सुरुवातीला सगळ्या एकसारख्या. पुढे त्यांतल्या काहींची कातडी होणार, काहींचा मेंदू आणि मज्जारज्जू. मग कोणी काय व्हायचं हे ठरवतं कोण? तर पोटाच्या बाजूने एक रासायनिक निरोप सुटतो, की कातडी व्हा. पाठीच्या बाजूला दुसरे काही रेणू असतात, ते हा निरोप वाटेतच धरून ठेवतात. ज्या पेशींपर्यंत निरोप पोचतच नाही त्यांचा मेंदू होतो. म्हणजे अक्का, मेंदू व्हायला कोणी सांगावं लागत नाही, कातडी व्हायला सांगावं लागतं. (आपल्या नानांना हे ठाऊक असतं तर त्यांनी माझ्या अभ्यासापायी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला नसता.)

निरोप पोचला की पेशीच्या आत काही जनुकं जागी होतात. ही नियंत्रक जनुकं. स्वतः फार काही करत नाहीत, इतर जनुकांना चालू कर, बंद कर, एवढंच. (आमच्या खात्यात यांना साहेब म्हणत.) कातडीकडची नियंत्रकं मज्जेकडच्यांना दाबतात, मज्जेकडची कातडीकडच्यांना, आणि या रस्सीखेचीतून दोघांच्या मधोमध एक हद्द आखली जाते. मृण्मयीचं जनुक त्या हद्दीवरचं. त्याचं नाव मोटारीच्या नंबरासारखं अक्षरं आणि आकडे मिळून आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून मी त्याला मोजणीवाले भाऊसाहेब म्हणतो. तिलाही ते नाव पटलं आहे, परवा फोनवर चुकून ती आपल्या गाइडबाईंनाही तेच म्हणाली.

या हद्दीवर पाठीच्या दोन कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे सरकतात आणि करंजी मिटावी तशा मधोमध मिटतात. आत नळी तयार होते, वरून कातडी सलग. त्या नळीचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. नळी म्हटल्यावर उभा जन्म पाणीपुरवठ्यात काढलेला मी ताठ बसलो आणि विचारलं, सांधा राहिला तर? तिने कणकेचा गोळा ताटलीत ठेवला. मग म्हणाली, "राहतो कधीकधी, बाबा. माणसांतही राहतो."

मला जीभ तोडून टाकावीशी वाटली. दोन वर्षांपूर्वी मृण्मयीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आपल्याला हेच तर सांगितलं होतं, बाळाची पाठ मिटलेलीच नाही. आणि मग जे करावं लागलं ते करावं लागलं. तू दुपट्यांची पिशवी घेऊन आली होतीस, ती तशीच परत घेऊन गेलीस. जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मला म्हणालीस, मुक्या जिवांचे तळतळाट लागले हिला. तू दुःखाने बोललीस हे मला माहीत आहे. पण अक्का, स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्यामधली भिंत अर्ध्या विटेची आहे.

हे मी या पत्रात लिहिणारच नव्हतो. लिहून गेलं. तू पुढे वाच, पुढे गंमत आहे.

मार्चच्या शेवटाला, एकादशीच्या दिवशी सकाळी मृण्मयीच्या संस्थेतली वीज गेली. रोहित्र जळालं होतं आणि जनरेटर खोकून खोकून गप्प बसला. तिकडे तिच्या गारव्याच्या कपाटात तीन काचेच्या बश्या होत्या. पहिलीतली पिल्लं (पिल्लं म्हणजे ते राजगिऱ्याचे दाणे, तिला हा शब्द चालत नाही, मला दुसरा येत नाही) साधी, हात न लावलेली. दुसरीतल्यांच्या अर्ध्या अंगात भाऊसाहेबांचं काम बंद पाडलेलं. गोळा दोनच पेशींचा असतो तेव्हा एकीतच सुईने औषध टोचतात, म्हणजे डावी बाजू बिघडते आणि उजवी तुलनेला साधी राहते. तिसरी बशी महत्त्वाची. तिच्यात भाऊसाहेबांना आधी बंद पाडलं होतं आणि मग बाहेरून परत कामावर पाठवलं होतं. तिसऱ्या बशीतल्या पाठी मिटल्या, तर दुसरीत जे बिघडलं ते भाऊसाहेबांवाचूनच बिघडलं हे पक्कं होणार. मी तिला तारणाची बशी म्हणतो. सबंध हिवाळाभर ही तारणाची बशी काही तरत नव्हती. कधी पिल्लं मरत, कधी सुई मोडे. या वेळी पहिल्यांदा सगळी जिवंत होती, त्याच दुपारी पाठ मिटायची होती, आणि त्यांना अठरा अंशांच्या आसपास गारवा हवा होता. बाहेर तर काकडी ठेवली असती तरी तिची कोशिंबीर झाली असती.

ती बश्या डब्यात घालून घरी आली. मी सुचवलं, माठ. तिने खरोखर माठात तापमापक बुडवला (या मुलीचा हाच गुण मला आवडतो, म्हाताऱ्याचं म्हणणं ती आधी मोजते आणि मग नाकारते). जमण्यासारखं नव्हतं. फ्रीज फार गार. बर्फाने एका कडेला हिमालय आणि दुसऱ्या कडेला मालेगाव. आपल्याकडे एसी नाही, कारण मला त्याने शिंका येतात. मग मला खंडेराव आठवला. माझ्या शाळेतला सोबती, पिंपळगावच्या अलीकडे त्याची द्राक्षं पॅक करायची शेड आहे, आणि तिचा हॉल सतरा-अठरावर ठेवतात हे तो प्रत्येक लग्नात प्रत्येकाला सांगतो.

निघालो. गाडी मी चालवत होतो. महामार्गावर मी ज्या वेगाने जात होतो त्या वेगाने एक उसाची बैलगाडीसुद्धा आमच्याकडे वळून बघत गेली. मृण्मयीने डबा मांडीवर पुढे सरकवून धरला होता, पोटापासून लांब. हो, अक्का. बरोबर वाचलंस. तेव्हा चौथा महिना संपत आला होता. तुला कळवलं नाही, कोणालाच कळवलं नाही, तिचीच तशी इच्छा होती. तर प्रत्येक गतिरोधकाला मला कळेना की ब्रेक पोटातल्यासाठी लावायचा की डब्यातल्यांसाठी, म्हणून मी दोघांसाठी एकेकदा लावत होतो. मागून शिव्या ऐकू येत होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या शिव्यांत एवढी विविधता आहे हे मला नोकरीत असताना कळलं नव्हतं, आणि तेव्हा तर मी पाणी बंद करत असे.

खंडेराव दारातच होता, डोक्यावर पांढरी जाळीची टोपी. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चिंत्या, आज युरोपचा कंटेनर भरायचाय. मी माझ्या बायकोला आत सोडत नाय, अन् तू बेडकं घेऊन आला?" मग त्याने मागे उभ्या असलेल्या मृण्मयीकडे पाहिलं. तिच्या कपाळावरचा घाम आणि हातातला डबा पाहिला. "सूनबाई, उन्हात काहून उभी? ये, आत ये. टोपी घाल फक्त." अशा माणसाला देवाने आणखी दहा एकर द्यावेत.

आत बायका रांगेने बसून कात्रीने घडातले बारके मणी काढत होत्या. कोपऱ्यात एका टेबलावर मृण्मयीने बरोबर आणलेला सूक्ष्मदर्शक मांडला. सखुबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी बशीत डोकावून विचारलं, "साबुदाणा का ग, बाई? भिजवलाय लय बारीक." उपासाचा दिवस, बिचाऱ्या सकाळपासून चहावर होत्या. मी घाईघाईने बशीवर हात धरला. बेडकांची पिल्लं आहेत म्हटल्यावर त्यांनी पदर नाकाला लावला, मग मृण्मयीकडे जरा निरखून पाहिलं आणि पिल्लांचा विषय सोडून तिला बसायला उंच क्रेट आणून दिला. बायकांना असं कसं कळतं, मला तर तीन महिने पत्ता नव्हता.

तास-दीड तास बरा गेला. आणि मग पांढरी मोटार आली. खरेदीदार कंपनीच्या तपासनीस अंजली मॅडम, ज्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या, त्या त्याच दिवशी आल्या. खंडेरावचा चेहरा पांढऱ्या टोपीला मॅच झाला. मॅडमनी तराजू पाहिला, कात्र्या पाहिल्या, भिंतीचे कोपरे पाहिले आणि आमच्या कोपऱ्यात येऊन थांबल्या. हे काय? खंडेराव म्हणाला, साखर मोजायचं नवं यंत्र. मॅडम वाकल्या, डोळा लावला आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "खंडेरावसाहेब, या साखरेला पाठ आहे."

खंडेराव तिथेच क्रेटवर बसला. मृण्मयी मात्र उभी राहिली आणि तिने जे होतं ते सांगितलं. वीज, बश्या, हिवाळा, सगळं. म्हणाली, चूक माझी आहे, यांच्या मालाशी याचा संबंध नाही, मी आत्ता घेऊन जाते. आवाज अगदी सरळ होता, आणि बोलता बोलता ती बश्यांना झाकणं घालत होती. मॅडम म्हणाल्या, "पॅकहाउसमध्ये जिवंत प्राणी चालत नाही. पाल दिसली तरी मी कंटेनर थांबवते. हा हॉल आता परत धुवावा लागेल." मग घड्याळ पाहिलं. "अजून किती वेळ लागेल तुमच्या पिल्लांना?" (पिल्लांना म्हणाल्या! मी विजयी मुद्रेने सुनेकडे पाहिलं.) दोन-अडीच तास, मृण्मयी म्हणाली. "माझ्या गाडीतला एसी अठरावर लागतो. गाडीबद्दल नियमात काही नाही."

म्हणून, अक्का, तुझा हा भाऊ ती अख्खी दुपार एका परक्या बाईच्या मोटारीत, मागच्या सीटवर, मांडीवर द्राक्षाचा क्रेट, क्रेटवर सूक्ष्मदर्शक आणि हातात मोबाइलची विजेरी धरून बसला होता. शिंका आल्या की मला खिडकी उघडून बाहेर शिंकावं लागे. बाहेर हॉल धुण्याचं पाणी वाहत होतं आणि खंडेराव पायजमा वर करून स्वतः झाडू मारत होता. त्याला मी हात केला. त्याने जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

मग मृण्मयी म्हणाली, "बाबा, आता बघा."

मी पाहिलं. आधी नुसते दाणे. मग नजर बसली. पाठीवर मधोमध एक चपटी पट्टी, बुटाच्या तळव्यासारखी, आणि तिच्या दोन्ही कडांना वळ्या. पहिल्या बशीत त्या जवळ आलेल्या होत्या. दुसऱ्या बशीत एक कड वर आलेली आणि दुसरी तशीच सपाट पडून राहिलेली. एक हात पुढे करून कुणीतरी उभं राहावं आणि समोरच्याने धरूच नये, तसं. मला ती बशी फार वेळ बघवेना. मृण्मयी मात्र बघत होती. म्हणाली, "आपलं इथे राहिलं होतं, बाबा."

दोन वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी विजेरी जरा जवळ धरली. ती म्हणाली, "मी किती दिवस शोधत होते. काय खाल्लं, काय उचललं, कुठली बाटली हुंगली, कोणाला दुखवलं. त्यातलं काहीच नव्हतं. वेळेवर एवढंसं काहीतरी झालं नाही. का झालं नाही, ते बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही." आणि मग, सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता, "आत्यांना हे दाखवायला हवं होतं. त्यांना वाटतं मी यांना छळते. त्या इथे असत्या ना, तर 'मीट ग बाई, मीट' करत बसल्या असत्या."

मी तेच करत होतो, फक्त मनात.

(यांतली बरीचशी पिल्लं तिला पुढे औषधात घालून ठेवावी लागतात, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. ती ते हसत करत नाही एवढंच सांगतो. त्या दिवशी तिला जेवण जात नाही.)

उन्हं कलली तेव्हा तिसऱ्या बशीत कडा भेटल्या. सगळ्यांच्या नाही, पण बहुतेकांच्या. आधी मधे, मग मागे, मग डोक्याकडे, आणि जिथे भेग होती तिथे फक्त एक बारीक रेघ उरली. अंजली मॅडम तोवर पुढच्या सीटवर येऊन बसल्या होत्या आणि त्यांची पुढची दोन कामं बुडाली होती. मृण्मयीने एकेक करून सगळे दाणे पाहिले, पुन्हा पाहिले आणि मला म्हणाली, भाऊसाहेब कामावर आले. एवढंच. मग तिला रडू आलं. मॅडमनी रुमाल दिला आणि त्यांनाही रडू आलं. मी खिडकी उघडून शिंकलो. खंडेराव झाडू घेऊन धावत आला, "काय झालं? मेली का?" मी म्हटलं, अरे नाही, मिटली. त्याला काही कळलं नाही, पण त्याने दोन पेट्या द्राक्षं डिकीत ठेवली. (निर्यातीतून काढलेली. खंडेराव भावनेच्या भरातही प्रतवारी विसरत नाही.) कंटेनर त्याच संध्याकाळी पास झाला.

असो. तर असं सगळं आनंदात चाललं आहे. यशोधनची बोट कुठल्याशा समुद्रात आहे. मृण्मयी वेळेवर गोळ्या घेते, जेवते, झोपते. मी ठणठणीत आहे. तू उन्हातान्हात इकडे यायची धावपळ मुळीच करू नकोस. काही गरज नाही. कंबर सांभाळ.

तुझा,
चिंतू

ता. क. — परवा मंगळवारी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी आहे. आधीच्या तपासणीत ठीक होतं, पण पाठ नीट दिसते ती या वेळच्या तपासणीत. मृण्मयी शांत आहे. मी नाही. मला आत सोडत नाहीत, बाहेर एक लोखंडी बाक आहे, मागच्या वेळी त्याच बाकावर मी होतो. अक्का, त्या बाकावर मला एकट्याला बसवणार नाही. हे पत्र वाचलंस की मिळेल त्या गाडीने ये. वर लिहिलेलं 'गरज नाही' खोडून टाक.

ता. क. २ — सोमवार. पत्र टाकायला निघालो (रविवारी लिहिलेलं पत्र मंगळवारच्या आत मनमाडला कसं पोचणार, हे मला तिकीट चिकटवताना सुचलं) तर फाटकासमोर रिक्षातून तू उतरत होतीस. मृण्मयीने तुला आठवड्यापूर्वीच फोन केला होता म्हणे, आणि तुम्ही दोघी जे काय बोलायचं ते बोलून, रडून, मोकळ्या झालात. मला कुणी सांगितलं नाही, कारण 'बाबांना काळजी वाटेल'. स्टेशनमास्तरांनासुद्धा माहीत होतं! तरी एवढं लिहिलंय तर तुला हातात देतो. जेवल्यावर वाच.

ता. क. ३ — मंगळवार, बाकावर. पाकीट तू अजून फोडलंच नव्हतंस, ते मीच फोडून पुन्हा लिहितो आहे, कारण हाताला काहीतरी चाळा हवा. तू शेजारी बसली आहेस, जपमाळ ओढता ओढता माझ्या कागदात डोकावते आहेस आणि विचारते आहेस, मेल्या, इथे कोणाला पत्र लिहितोस. तुलाच. तुझे ओठ हलत आहेत. मला वाटलं नामस्मरण चाललंय. कान दिला तर तू म्हणते आहेस, मीट ग बाई, मीट.

दार उघडलं. ती बाहेर आली आहे, दाराला धरून उभी आहे, आणि आधी तुझ्याकडे बघून म्हणते आहे, "आत्या, मिटलीय. पूर्ण."

कागद ओला झाला, पेन उठत नाही. बाकीचं तू पाहतेच आहेस.